पिकायची वाट

उचगाव,
९ फेब्रुवारी २००४

चि. शांभवीस अप्पाचे भरभरून आशीर्वाद.

हैदराबादहून सुखरूप पोचलो. आईनं आधी विचारलं चटणी पोरीला आवडली का, मग माझी तब्येत.

तुझी प्रयोगशाळा डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं शिरोलीत भट्टीपुढे काढली. वाटायचं, वितळलेल्या लोखंडाहून झळाळतं जगात काही नसणार. आणि तू त्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या डोळ्यातल्या मज्जापेशी दाखवल्यास! हिरव्यागार, जिवंत, एकीचा तंतू दुसरीकडे निघालेला. पोरी, माझे हात आपोआप जोडले गेले. तू पाहिलं नाहीस. शेजारच्या बशीत मात्र नुसते तुकडे. "दोन्हींना सारखाच त्रास दिलाय, अप्पा. पहिलीत गंज रोखणारं औषध हाय," म्हणालीस. पेशीलाही गंज लागतो आणि माझी लेक तो अडवते, हे मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. अजून ते माणसाला द्यायच्या पायरीला आलेलं नाही, हेही सांगतो.

एक मात्र तुला बोललो नाही. भट्टीच्या भोकातून बघायच्या जुन्या सवयीनं मी आधी डावा डोळा लावला होता. काहीच दिसलं नाही. तरी "दिसलं, दिसलं" म्हणालो. तू फोनला गेलीस तेव्हा उजवा लावला.

डाव्यात मोतीबिंदू असेल असं धरून चाललो होतो. आमच्या भट्टीवरच्या केरबाचा काढला ना, तोच म्हणाला, "पिकू दे की मिस्त्री, कच्चा काढत न्हाईत." म्हणून पिकायची वाट बघत बसलो. पण गाडीत बसवताना, तू ज्या रोगावर काम करतेस त्याबद्दल सहज म्हणालीस, "काचबिंदू पिकत न्हाई अप्पा, गुपचूप खातो," ते वाटभर मनात घोळत राहिलं. आल्या आल्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदूच आहे. डावा गेला, तो परत येणार नाही. उजव्यात राहिलेलं राखायला थेंब दिलेत. आई घड्याळ बघून घालते, चुकवायची सोय नाही.

रडू नकोस. तू बोलली नसतीस तर उजवाही पिकत ठेवला असता. तसले हिरवे तंतू माझ्यात अजून शिल्लक आहेत, या विचारानं रोज सकाळी ऊर भरून येतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. डॉक्टर म्हणाले, हा रोग घराण्यात चालत येतो, मुलांनाही असू शकतो. तू दिवसभर उंदरांचे डोळे बघतेस. तुझे कुणी बघितलेत का? उद्याच दाखव. उत्तरात आधी तुझ्या डोळ्यांचं लिही, उंदरांचं मागनं.

उरलेल्या डोळ्यानं वाट बघणारा,
तुझा अप्पा