हत्यारांच्या फळीवरचा आरसा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, निवृत्त विमान अभियंता, एका बाईचा नवरा आणि एका मुलीचा बाप, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डावा कान गेला आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली होती. ती रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, पण मुख्य गोष्ट गाळली होती.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे राहते घर माझ्या पश्चात पत्नीला मिळावे व तिच्यानंतर मुलीला. वास्तविक हे घर तिनेच चालवले. मी फक्त कुठली खिट्टी का वाजते याची कारणे सांगत आलो. गच्चीकडचे दार लावताना जरा वर उचलावे लागते. ते मी अकरा वर्षे दुरुस्त करणार होतो. विमानाच्या दारातून वारा शिरू नये म्हणून मी हयात घालवली, आणि घरच्या दारात बायको अजून जुनी चादर कोंबते.

कलम २. बँकेतील शिल्लक पत्नी व मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. कागद लोखंडी कपाटात मधल्या खणात आहेत. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी आहे, आणि कोणती चिठ्ठी कशावर आहे याचीही एक चिठ्ठी आहे. मुलगी हसेल. हसू द्यावे.

कलम ३. वरच्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापकांच्या न्हाणीघराचे पाणी सहा वर्षे आमच्या छतातून ठिबकत आहे. गळती कुठे आहे याची मी त्यांना आकृती काढून दिली, तिच्यावर त्यांनी भाजी निवडली. माझ्यामागे घरच्यांनी त्यांच्याशी भांडू नये. भांडायचे तेवढे मी भांडून घेतले आहे. माझी शिडी मात्र त्यांना देऊ नये. दुसऱ्याच्या गळतीबद्दल मी नेहमीच फार दक्ष राहिलो.

कलम ४. बैठकीच्या खोलीत चांदीचे तबक आहे. त्यावर ‘निष्कलंक सेवेबद्दल’ असे कोरले आहे. ते मोडीत काढावे. माझ्या फोटोशेजारी ते ठेवू नये, आणि शोकसभा घेतलीच तर ‘देवमाणूस’, ‘आदर्श कुटुंबप्रमुख’, ‘मुंगीलाही दुखावले नाही’ असे कुणी बोलू नये. कोणी बोलायला लागल्यास मुलीने उठून त्यांना पुढील कलम वाचून दाखवावे.

कलम ५. हे कलम लिहायला मला एकतीस वर्षे लागली.

आमच्या कारखान्यात विमानांची तपासणी होई त्या मोठ्या शेडमध्ये हत्यारांची एक फळी होती. प्रत्येक हत्याराची जागा त्याच्याच आकाराच्या काळ्या रंगाने रंगवलेली. पाना काढला की मागे पान्याची काळी सावली दिसे. जो हत्यार घेईल त्याने खिळ्याला आपला पितळी बिल्ला लावायचा. पाळी संपली की फळी मोजायची आणि वहीत ‘पूर्ण’ लिहायचे. एकही जागा रिकामी असेल तर विमान हलणार नाही, कारण पोटात राहिलेला एक पाना विमान पाडू शकतो. हा नियम मी लिहिला होता.

त्या फळीवर माझा मेहुणा होता, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ. नोकरीला मीच लावला होता. त्याचा हात इतका नेमका होता की त्याने घट्ट केलेला बोल्ट पुन्हा तपासणे मला वेळ घालवण्यासारखे वाटे.

एके दिवशी मी पंखाच्या आतली बाजू पाहायला ओढून लांब होणाऱ्या दांड्याचा छोटा आरसा घेतला. बिल्ला लावला नाही. साहेबाने कशाला लावायचा, दोन मिनिटांचे तर काम. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेच्या नाटकात ती झाड झाली होती. संवाद एकही नव्हता, पण मी येणार असे वचन दिले होते. पाच वाजता मी हात पुसत निघालो, तेव्हा मेहुण्याने विचारले, “भावोजी, आरसा?”

“ठेवला रे. तू पूर्ण लिही. तुझी भाची झाड झालीय, उशीर झाला तर मला उभा जाळेल.”

तो हसला आणि त्याने वहीत लिहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन बदलताना कालच्या सदऱ्याच्या खिशात आरसा सापडला. गुपचूप लटकवून टाकू म्हणून घेऊन गेलो. पोहोचलो तर मुख्य अभियंता फळीपुढे उभे, आणि विमानाच्या तळाचे पत्रे उचकटायला सुरुवात झालेली. त्याच क्षणी खिशात हात घालायला हवा होता. फार तर बोलणी बसली असती. पण पुढच्या आठवड्यात सुरक्षा विभागाचा प्रमुख नेमायचा होता आणि तो मी असणार होतो. माझा हात खिशापर्यंत गेलाच नाही.

चार दिवस ते विमान उघडे पडले होते. आसने काढली, टाक्या रिकाम्या केल्या, एक माणूस बॅटरी घेऊन टाकीच्या आत सरपटत गेला. शोधाची सूत्रे माझ्याकडे होती. “तिथे पुन्हा पाहा,” असे मी सांगत होतो आणि आरसा माझ्या छातीला लागत होता.

चौकशीत मेहुण्याने घडले ते सांगितले. मला विचारण्यात आले, आरसा तुम्ही घेतला होता का? मी म्हणालो, नाही. तो माझ्याकडे रागाने पाहील अशी मी तयारी ठेवली होती. तो पाहत राहिला, पण राग नव्हता. मी आत्ता काहीतरी पुढे बोलेन, अशी तो वाट पाहत होता.

त्याला काढून टाकले. त्या संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच बहिणीला म्हणाला, “ताई, मी खरं सांगतोय गं.”

पत्नी म्हणाली, “स्वतःची चूक यांच्यावर ढकलतोस, धाकट्या? हे खोटं बोलतील? एका आरशासाठी?” आणि तिने दार लावले. मी तिच्या मागे उभा होतो. हातात मुलीची गणिताची वही होती. भावंडे तेव्हापासून एकमेकांशी बोलली नाहीत. त्यांच्या आईच्या अंत्ययात्रेत दोघे दोन टोकांना चालले. मधून मी चाललो, दोघांना सावरत.

पुढे मी प्रमुख झालो. नव्या मुलांना दरवर्षी भाषण देई की हत्यार हरवले तर ताबडतोब सांगा, लाज धरू नका. उदाहरण मेहुण्याचे देई. नाव घेत नसे, एवढ्यावर मी स्वतःची पाठ थोपटत असे. मला या भाषणांची त्या ‘नाही’पेक्षा जास्त लाज वाटते. ‘नाही’ एकदाच म्हणालो होतो.

तो आरसा माझ्या आकृत्या काढायच्या साधनांच्या पेटीत मखमलीखाली आहे. तो या कलमाच्या प्रतीसह कारखान्याकडे पाठवावा. मेहुणा खरे बोलत होता. खोटे मी बोललो.

~~कलम ६. माझी सर्व हत्यारे, टेबल व लहान लेथ मेहुण्यास द्यावीत.~~ (हे कलम खोडले आहे. कारण पुरवणीत.)

पुरवणी. वरील मजकूर मी मागच्या सोमवारी वकिलांना दाखवला. माझ्या मृत्यूनंतरच लखोटा उघडावा अशी माझी सूचना होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“साहेब, तुम्ही गेल्यावर बाईंनी भांडायचं कुणाशी? फोटोशी?”

तो मार्ग मला सोयीचा होता, हे त्यांना कळले आणि मलाही.

घरी येऊन मी कलम पाच पत्नीला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. मध्ये एकदाही तिने थांबवले नाही. संपल्यावर म्हणाली, “मी त्याला दारातनं हाकललं. तुम्ही मागे उभे होतात.” मग हात धुतले, चपला घातल्या आणि गेली. ती सध्या भावाकडे आहे. मुलीने मला फोनवर एकच विचारले, “बाबा, माझ्या नाटकामुळे?” नाही बाळ, नाटकामुळे नाही. हे इथे लेखी देतो, कारण माझ्या तोंडच्या ‘नाही’वर आता कुणी का विश्वास ठेवावा?

आज सही करायला वकिलांकडे आलो, तर मेहुणा आधीच येऊन बसला होता. केस पूर्ण पिकले आहेत. माझ्याकडे न बघता वकिलांना म्हणाला, “मला हत्यारं नकोत. साक्षीदार कोण कोण आहेत?”

“एक औषधवाले, दुसरा आमचा कारकून.”

“कारकून नको. दुसरा मी.”

“तुम्हाला यातून काही मिळतंय. ज्याला मिळतं त्यानं साक्षीदार राहू नये.”

“मग खोडा ते.”

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी खोडले.

साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, असे वकील म्हणाले. त्याने ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि ओळीवर बोट ठेवून सगळी पाने वाचली. एके ठिकाणी थांबला.

“इथं राहिलंय,” तो म्हणाला. “वहीत लिहिल्यावर मी फळीकडे वळलो. जागा रिकामी दिसली. फाटकापर्यंत तुमच्यामागे पळत आलो, हाका मारल्या. तुम्ही वळून हात हलवलात आणि गेलात.”

मी विसरलो होतो, असे म्हणायला मी तोंड उघडले होते. पण मी विसरलो नव्हतो. माझी कबुलीही मी माझ्या मापाने बेतली होती. तो म्हणतो ते खरे आहे. ते कलम पाचचा भाग समजावे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

स्थळ: वकिलांचे कार्यालय, दुसरा मजला.
दिनांक: ९ मार्च, सोमवार.

(सही) लिहून देणार

साक्षीदार १: औषध दुकानदार, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला नाही. (सही)

साक्षीदार २: लिहून देणाऱ्याच्या पत्नीचा धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर झाली. मजकूर सगळा वाचला. (सही)
व्यवसाय: ~~शिलाई मशीन दुरुस्ती~~ विमान कारागीर. (कारकुनाने लिहिलेले खोडून साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिले.)