अबोल आहे, अशी नोंद

आई, आज वर्गाच्या नोंदी लिहून संपल्या. तू जाऊन अकरा वर्षं झाली, मी शिक्षिका झाले हेही तुला माहीत नाही, म्हणून नोंदी म्हणजे काय ते आधी सांगते. सत्र संपलं की प्रत्येक मुलाविषयी दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात, आणि त्यात एक रकाना 'व्यक्तिमत्त्व' असा असतो. बहुतेक जण मोबाइलवर फिरणाऱ्या तयार वाक्यांमधून उतरवून काढतात. मला ते जमत नाही. मी आठ-आठ दिवस एकेका मुलाचा चेहरा आठवत बसते. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, "अहो, बेचाळीस पोरं, बेचाळीस कादंबऱ्या लिहिताय का? 'नम्रपणे बोलतो' लिहा अन् सुटा की!"

पण सुटावं कसं? हा शब्दच मला नीट उमगलेला नाही. आपल्या गल्लीत स्थळ बघून आलेले लोक म्हणायचे, मुलाची पर्सनॅलिटी चांगली आहे. म्हणजे उंची आणि खांदे. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर 'उमदं व्यक्तिमत्त्व' असतं, तिथे त्याचा अर्थ माणसाचं वजन, त्याच्या मागे फिरणारी चार माणसं. अध्यापक विद्यालयात सरांनी सांगितलं होतं की त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी नटाचा मुखवटा आहे. आणि पुस्तकात होतं की माणसाच्या वागण्या-विचारांची टिकून राहणारी ठेवण म्हणजे व्यक्तिमत्त्व. परीक्षेत मी दोन्ही लिहिलं आणि दोन्हींत अडकले. मुखवटा असेल तर त्याच्या आत कोण असतं? आणि टिकून राहणारं काही असेल तर सात वर्षांच्या मुलीत ते आताच कसं ओळखायचं? तू हा शब्द कधी वापरला नाहीस. तू 'सभाव' म्हणायचीस, आणि कुणाचा कसा आहे हे तुला पहिल्या भेटीत कळायचं. निदान तुला तसं वाटायचं.

गेल्या सत्रात माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीविषयी मी लिहिलं, 'अबोल आहे. पुढाकार घेत नाही.' हे कुठून उतरवलेलं नव्हतं. महिनोन्‌महिने पाहून लिहिलं होतं, आणि खरं तेच लिहिल्याचं मला समाधानही होतं. पालकसभेला तिची आई आली. शहराच्या पूर्व भागात राहणारी, घरात तेलुगू बोलणारी, विड्या वळणारी बाई. तिने प्रगतिपत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट टेकवलं.

"टीचर, हे काय लिवलंय? मोठ्या पोरानं वाचून दाखवलं. हिला बोलायला येत न्हाय म्हंता?"

"तसं नाही ओ ताई. वर्गात गप्प असते, एवढंच."

"गप? ही? घरात हिच्या तोंडाला कुलूप लावावं वाटतंय! सासूला दवाखान्यात हीच नेती. आमाला धड मराठी येत न्हाय, डॉक्टरला समदं ही सांगती. वर त्यालाच विचारती, गोळी जेवायच्या आदी का नंतर."

"मग शाळेत का बोलत नाही?" मी विचारलं. मुलगी आईच्या पदराआडून तेलुगूत भराभर काहीतरी बोलली. आई हसायला लागली आणि एकदम थांबली.

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या टीचर, पोर हाय."

"सांगा ना."

"म्हंती, वर्गात लई आवाज झाला की टीचरचे हात कापतात. म्हणून मी गप बसती."

मी हात टेबलाखाली घेतले. इतके दिवस मी तिला बघत होते आणि ती मला. तिने माझ्यासाठी जे केलं, ते मी तिचा दोष म्हणून शाईने लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. "मॅडम, लिहिलेली नोंद खोडायची नाही. तपासणीला उत्तर कोण देणार?" ते म्हणाले. "मी देईन," म्हणताना माझा आवाज फाटला, पण म्हटलं. ओळीवर एक रेघ मारली, खाली लिहिलं, 'समोरच्याची अडचण ओळखते. आजीसाठी दवाखान्यात बोलते,' आणि सही केली. सर चष्मा सारखा करत म्हणाले, "यात दवाखाना कशाला?" मी म्हटलं, "शाळेत मी तिला बोलू दिलं नाही, सर." या सत्रात ती इतकी बोलते की शेजारच्या बाई भिंत ठोकतात. माझे हात अजून कापतात. ती बघते आणि बोलत राहते.

तेव्हापासून मला शाळाप्रवेशाचा दिवस सारखा आठवतो. त्याआधी दोन वर्षं मी तुझ्याच शाळेत होते. तू उखळात शेंगाचटणी कुटायचीस आणि मी त्या ठोक्यावर पाढे म्हणायचे. चुकले की मुसळ थांबायचं. तू स्वतः चौथी शिकलेली, पण पाढ्यात कुठे अडायची नाहीस. आता आपण शाळेच्या कचेरीत उभ्या आहोत, तू ठेवणीतली साडी नेसली आहेस. टेबलामागच्या बाई चष्म्यावरून बघत विचारतात, "काय गं, पाढे येतात का?" मी तोंड उघडते, तेवढ्यात तू म्हणतेस, "लई बुजरी हाय ओ बाई, बोलायची न्हाय ती." बाई मान डोलावतात. घरी येताना तू चिडलीस, "एवढं शिकवलं, एक शब्द फुटला न्हाय!" मी रडायला लागले, तशी कोपऱ्यावर थांबून मला उसाचा रस पाजलास. पुढे नातेवाइकांत, कॉलेजात मी बुजरीच राहिले. पहिल्यापासून तशीच आहे, असं लोक म्हणायचे आणि मीही तेच सांगायचे.

हे पत्र वहीतच राहील. तू असतीस तरी तुझ्या हातात दिलं नसतं, कारण पुढचं वाचून तू ओशाळली असतीस. त्या दिवशी कचेरीत माझा हात तुझ्या हातात होता आणि तुझा तळवा घामाने भिजला होता. त्या बाईंना घाबरली होतीस ती तू. मला पाढे येत होते, आई. तुला खोटं पाडायचं नव्हतं, एवढंच.