पिशवीतली साखळी

नाना,

मागच्या आठवड्यापासून मला तुमचा राग आलाय आणि तो काही केल्या उतरत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार आहे. तुम्ही असता तर गव्हाणला येऊन, तुमच्या ओटीवर बसून तोंडावर बोलले असते. तुम्ही बिडी विझवून म्हणाला असता, "बोल बाय, काय झाला?" आणि माझा निम्मा राग तिथेच गेला असता. म्हणून बरंच आहे तुम्ही नाही ते. आजपुरता राग राहू दे.

तुमच्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेली, ओढणी कमरेला खोचून शिडी चढणारी ती पोरगी आता पन्नाशीला आली. नवीन पनवेलला राहते आणि कारखान्यांतून फिरून हवेच्या दाबावर चालणारे होइस्ट, म्हणजे साखळीने ओझी उचलणारी यंत्रं, तपासते. म्हणजे आपलंच काम. फक्त तेव्हा आपण ते दुरुस्त करायचो आणि आता मी दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्तीवर सही करते. जिथे सॉल्व्हंटची वाफ असते तिथे ठिणगी नको म्हणून विजेचा होइस्ट टाळतात, हवेचा लावतात, त्यामुळे माझं सगळं आयुष्य त्या एकाच वासात गेलं. कपड्यांना, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा तो वास लागतो. माझ्या सहीवर होइस्ट वर्षभर चालतो आणि त्याच्या हुकाखाली कुणीतरी वर्षभर उभं राहतं, एवढं साधं ते काम आहे.

आणि काय काय बघावं लागतं म्हणून सांगू. मी येणार म्हटलं की आदल्या दिवशी झीज झाकायला साखळीला रंग मारतात. साखळीला रंग, नाना. तुमच्यासमोर कुणी ब्रश घेऊन आला असता तर तुम्ही तो त्याच्याच तोंडावरून फिरवला असता. हवेच्या पाइपात पाणी साचून लाल गाळ झालेला, मोटरला तेल देणारी वाटी कोरडी ठणठणीत, हुकाचं तोंड बंद ठेवणारी पट्टी तुटली म्हणून बांधायच्या तारेने आवळलेली, आणि खाली भिंतीवर सुरक्षेचा हा एवढा बोर्ड, त्यावर हसणारा हेल्मेटवाला. वरून कीर्तन, आतून तमाशा. साहेब लोक एसीत बसून विचारतात, मॅडम, चहा की कॉफी, आणि फॉर्म आधीच भरून पुढे सरकवतात, फक्त सहीची जागा मोकळी. मला त्या कपाचीसुद्धा किळस येते.

मागच्या मंगळवारी अशाच एका कारखान्यात गेले होते. दुसऱ्या मजल्यावर रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनांच्या मोठ्या टाकीच्या, वर एक होइस्ट टांगलाय. रोजचं काम तीन-चार फुटांचं, ड्रम उचलायचा आणि रिअॅक्टरच्या तोंडाशी न्यायचा. बाकीची लांबलचक साखळी होइस्टला लटकवलेल्या कॅनव्हासच्या पिशवीत पडून असते. मालाची लिफ्ट बंद पडली की मात्र जमिनीतलं लोखंडी झाकण उघडून हूक थेट तळमजल्यापर्यंत सोडतात आणि ड्रम खालून वर ओढतात. तेव्हा पिशवीतली साखळी बाहेर येते आणि सगळं वजन तिच्यावर पडतं. झिजलेली साखळी ताणून लांबते, म्हणून मी हुकाजवळच्या अकरा कड्यांची लांबी मोजली. नव्यासारख्या भरल्या. इतक्या नव्यासारख्या की मलाच खटकलं, कारण हुकाच्या पोटात झिजून खाच पडली होती. हूक म्हातारा आणि साखळी तरणी, असं कसं होईल?

म्हणून पिशवी खाली उतरवायला लावली. शी. गुटख्याच्या पुड्या, चहाचे कागदी कप, कुणीतरी थुंकलेलं वाळून काळं झालेलं, आणि साखळीत गुंतलेला मेलेला उंदीर. रोज त्या पिशवीखालून जाणाऱ्या एकालाही वर मान करून बघावंसं वाटलं नव्हतं. मी हातमोजे चढवून एकेक कडी बाहेर ओढली. शेवटचे चार फूट ताणलेले, कड्या एकमेकींवर घासून चकचकीत झालेल्या. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. साखळीची टोकं फिरवलेली होती. झिजलेलं टोक पिशवीत दडवलेलं आणि कोरं टोक हुकावर. तळमजल्यावर ज्या दोन बायका ड्रमला हूक लावतात, त्यांच्या डोक्यावरचं ओझं नेमकं त्या झिजलेल्या चार फुटांवर लटकत होतं. त्यातली एक उघड्या झाकणातून वर बघून मला म्हणाली, "मॅडम, काय शोधताव?"

तिथला फिटर नेरे गावचा. चाळिशीतला, निवांत माणूस. मी विचारलं, ही साखळी कुणी फिरवली? लपवालपवी नाही, काही नाही. म्हणाला, "आमीच फिरवली मॅडम. स्टोअरवाला नवीन साखली देत नाय. तुमी कंपनी सोडलीत ना, त्याच्यानंतर मी नानांकडं लागलो व्हतो. त्यांचीच पद्धत हाय ही." अभिमानाने सांगितलं हो त्याने, देवाचा प्रसाद दाखवावा तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण राग त्याच्यावर नव्हता.

कारण ती पद्धत मला माहीत आहे. आपल्या जुन्या कंपनीतला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी शिडी धरून उभी आहे आणि तुम्ही वर चढून साखळी फिरवताय. नवी साखळी मागून तीन महिने झालेत आणि काम तर थांबवता येत नाही. झिजलेल्या टोकाला तुम्ही तांब्याच्या तारेचे चार वेढे देता आणि मला सांगता, "ही तार दिसली का थांबायचा. पुढं वजन टाकायचा नाय." ह्यात मला काही वाईट दिसत नाही, आजही नाही. गरिबाची युक्ती आहे, पण प्रामाणिक आहे. त्याच आठवड्यात मी टांगलेल्या मोटरखालून वाकून गेले, तर तुम्ही माझी वेणी धरून मला मागे ओढलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुजा बाप मला इचारंल तेवा मी काय सांगू?" तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी तुम्ही कँटीनमध्ये समोर येऊन बसलात, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवलीत आणि स्वतः माझ्या डब्यातली दुधी भोपळ्याची भाजी मुकाट्याने खाल्लीत. वेणी धरणारा माणूस माझ्या जिवाला जपणारा आहे हे मला त्या चटणीत कळलं. ती चव अजून जात नाही, हाच तर त्रास आहे.

मग तपासणीचा साहेब येणार ती सकाळ. तुम्ही पक्कड घेऊन शिडी चढता, तार कापता आणि खिशात घालता. खाली माझ्याकडे बघून म्हणता, "साहेब गेला का परत बांधू." साहेब हुकाजवळच्या कड्या मोजतो, छान म्हणतो, सही करतो. तो गेल्यावर तुम्ही तार परत बांधलीत, खोटं कशाला बोलू. तुम्हाला वाटलं असेल, साहेबाला फसवलं तरी आपण आपल्याला फसवत नाही. पण जी गोष्ट वर्षातून एका सकाळी लपवता येते, ती कायमची लपवता येते, हे बघणाऱ्याला कळतं ना. तुमच्या नेऱ्याच्या शिष्याने टोकं फिरवणं घेतलं आणि तार सोडून दिली. मलासुद्धा तुम्ही काय शिकवलंत ते आता कळतंय आणि मला तुमची शिसारी येते. तुम्ही चांगले होतात म्हणून जास्तच येते.

मॅनेजरच्या खोलीत मी म्हटलं, होइस्ट आत्ताच्या आत्ता बंद करा, साखळी बदला. तो गडबडला. "मॅडम, पण मागच्या वर्षी तर पास होता," म्हणाला आणि फाइलमधून जुना कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर माझीच सही. आठवलं मला सगळं. मागच्या वर्षी त्याने सांगितलं होतं, बॅच चालू आहे, जमिनीतलं झाकण उघडून हूक खाली सोडता येणार नाही. वासाने माझं डोकं दुखत होतं. मी हुकाजवळच्या अकरा कड्या मोजल्या, पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही आणि खाली येऊन त्याची कॉफी प्यायले. तुमचा तो तपासणीचा साहेब निदान फसवला गेला होता. मला तर पिशवीत काय असू शकतं ते माहीत होतं.

मी रिपोर्टमध्ये होइस्ट नापास केला. साखळी त्याच दिवशी उतरवायला लावली, खालच्या बायकांच्या डोक्यावरचं संकट टळलं. आणि त्याच्या खाली एक ओळ लिहिली, की साखळीची टोकं मागच्या तपासणीनंतर फिरवण्यात आली आहेत. एवढ्या ओळीने माझी जुनी सही स्वच्छ झाली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, दुसरं काय.

आज सकाळी फिटरचा फोन आला. त्याला कामावरून काढून घरी बसवलंय. ओरडला नाही, रडलाही नाही. म्हणाला, "मॅडम, फिरवली त्याला तीन वर्सं झाली. तुमी मागल्या वर्सी आल्या तेवा पन तशीच व्हती. तुमच्याकडून लिवताना चुकला असंल. साहेब बोलतो, तपासनी झाल्यावर गुपचूप केलास. तुमी त्याला तेवडा सांगा ना, आमी काय लपवत नवतो." मी म्हटलं, बघते.

लिहिताना चुकलं नव्हतं, नाना. ती ओळ खोटी असू शकते हे मला लिहिताना माहीत होतं, आणि आता तर पक्कं माहीत आहे. मॅनेजरला एक फोन केला की काम होईल. त्याचा नंबर दोन तास समोर आहे. तो न लावता मी तुम्हाला हे सगळं लिहीत बसले, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.