जमादाराच्या पंखांना कातर लागणार नाही

किहीम, आश्विन शुद्ध ५, शके १८५३

तीर्थस्वरूप बाळाजीदादा यांचे चरणी धाकट्या बहिणीचा, सगुणाचा, साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे ह्यांच्या मागे आम्ही दोघीच. सासूबाई बऱ्या आहेत आणि मी उत्तम आहे (इतकी उत्तम, की हे पत्र लिहायचे धाडस झाले).

शिमग्याला आलात तेव्हा आमच्या पोपटाने, जमादाराने, तुमच्या डोक्यावर बसून काळ्या टोपीची कड कुरतडली, आणि निघताना तुम्ही हुकूम सोडलात की याचे पंख काप, चोच बोथट करून घे. दादा, मी आजवर तुमचा एकही हुकूम मोडला नव्हता, म्हणून सदा न्हाव्याला बोलावले. हात त्याचा, चूक माझी, पण अक्कल तुमची. सदाने नखे काढायच्या हत्याराने चोचीचे टोक उडवले, तर भळकन रक्त! चोचीत आत जिवंत मांस असते हे त्याला ठाऊक नव्हते, मला नव्हते, आणि (रागावू नका) तुम्हालाही नव्हते. जमादाराने त्याचा अंगठाच धरला. "बाय, दाढी करताना मानूस गप बसतो, ह्यो न्हाय बसत," असे ओरडत सदाने उजव्या पंखाची लांब पिसे तेवढी कापली आणि डाव्याची पाळी येण्याआधी अंगठा धोतरात गुंडाळून पळाला.

दुसऱ्या सकाळी जमादार नेहमीसारखा ओटीवरून माडाकडे झेपावला, हवेत भोवऱ्यासारखा गरगरला आणि थेट विहिरीत पडला. मी धावत जाऊन पोहरा सोडला, हाका मारल्या. तो फडफडत आला आणि त्याच दुखऱ्या चोचीने दोर धरून पोहऱ्यात चढला. वर काढला तेव्हा लिंबाएवढा झाला होता. दोन दिवस माझ्या पदरात थरथरत बसला. पेरूची फोड जवळ नेली की मान फिरवी. मला माझीच लाज वाटली. एरवी त्याला शिव्या घालणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पंख देवानं दिलं, नि कातर तुज्या भावानं. दोघांत मोठा कोन?" मी पेरू चिरायला उठले (वडीलधाऱ्यांचा मान राखला, कोणाचा, ते विचारू नका).

पावसाळ्यात कापलेले खुंट गळून नवी पिसे आली. चोचीसाठी चिंचेच्या फांद्या देते. त्या कुरतडून ती आपोआप झिजते. आता तो माडावर जातो, शेजारच्या भागुबाईच्या मिरच्या खातो आणि हाक मारली की परत येतो (कधी येत नाही, तो त्याचा प्रश्न). मागाहून कोणी काहीही म्हणो, अगदी तुम्हीसुद्धा, या घरात त्याच्यासाठी पुन्हा कातर येणार नाही.

आजपर्यंत तुमची आज्ञाधारक,
सगुणा

ता. क. अलिबागेकडे मुलींची नवी शाळा निघते आहे, तिथे बाई हव्या आहेत. मी मराठी सातवीची फायनल पास आहे आणि सासूबाईंची हरकत नाही. मात्र माझ्यासारख्या विधवेच्या अर्जावर माहेरच्या वडील माणसाची संमती लागते म्हणे. अर्ज सोबत आहे. खाली उजव्या कोपऱ्यात सही करून उलट टपाली धाडावा.

पुन्हा ता. क. तुमची सही मी पाटीवर गिरवून पाहिली. चौथ्या खेपेस हुबेहूब आली. तरी तुम्ही स्वतः केलेली अधिक शोभेल, म्हणून आठ दिवस वाट पाहते.