एक गोळी खिशात ठेवू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कामगार दवाखाना,
कापड रंगाई कारखाना.

विषय : अर्धशिशीच्या तीन गोळ्यांच्या तुलनेतील चूक दुरुस्त करून एक गोळी कामावर जवळ बाळगू देण्याबाबत.
संदर्भ : आपला दि. ९ चा शेरा – "तिन्ही औषधे निरुपयोगी. दुखणे संशयास्पद. टेबल बदलावे."

महोदय,

१. मी रंगतपासणीच्या टेबलावर सोळा वर्षे काम करते. रंगवून आलेला कापडाचा ताका दिव्याखाली धरायचा आणि नमुन्याशी जुळतो की नाही ते सांगायचे, हे माझे काम. महिन्यातून चार-पाचदा मला अर्धशिशी उठते. आधी डोळ्यापुढे चकाकती नागमोडी रेघ येते, वीसेक मिनिटांनी डोके ठणकू लागते आणि तासाभरात उलटी.

२. कोणती गोळी लागू पडते हे पाहण्यासाठी आपण मला सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आणि नाराट्रिप्टान एकेक महिना दिलीत, याबद्दल मी आभारी आहे. परंतु गोळ्या बाहेर विकल्या जातील या शंकेने नियम असा झाला, की दुखणे उठल्यावर दवाखान्यात यावे, टोकन घ्यावे, आपण तपासावे आणि मग कंपाउंडरनी एक गोळी द्यावी. ठणका सुरू होताच घ्यायची गोळी मला सव्वा तासाने मिळू लागली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

३. सुमाट्रिप्टान तीनदा उलटीत गेली. नाराट्रिप्टान मुळातच सावकाश चढणारी, पण टिकणारी म्हणतात. तिचा गुण येईपर्यंत कामाची पाळी संपून मी घरी पोहोचलेली असे. रिझाट्रिप्टान एकदाच, टोकनच्या खिडकीवर रांग नसल्यामुळे, बारा मिनिटांत हाती आली. पाऊण तासात मी दोन करड्या रंगांतला फरक सांगत होते. नोंदवहीत त्यापुढे "अपवाद" असे लिहिले आहे. उलट, पॅकिंगमधली माझी नणंद सुमाट्रिप्टानच पर्समध्ये ठेवते आणि तिला तीच मानवते. तेव्हा तुलना झाली ती रांगांची, आणि फाशी गेल्या गोळ्या.

४. पहिल्यांदा मी भिंत धरत आले तेव्हा कंपाउंडर म्हणाले, "ताई, खरंच दुखत असतं तर चालत आला असता का?" पुढच्या वेळी मला ताक्यांच्या ढकलगाडीत घालून आणले. तेव्हा म्हणाले, "एवढं दुखतंय तर घरी का नाही गेलात?" त्यांचा राग नाही. मात्र यांपैकी कोणत्या अवस्थेत यावे, हे लेखी कळावे.

५. आता दुखण्यापेक्षा त्याची वाट पाहणेच जास्त झाले आहे. रेघ आली की काय, म्हणून मी दर दहा मिनिटांनी एक डोळा झाकून पाहते. मुलगी विचारते, "आई, तू सारखी डोळा का मारतेस?" जेवताना, कपडे वाळत घालताना, कुठेच स्वस्थ वाटत नाही. कोणी टॉर्च लावला तरी हात आधी डोळ्यावर जातो.

६. पुढचे लिहायचे नव्हते. गेल्या मंगळवारी रेघ आली. दवाखान्यात आणखी एक फेरी झाली की टेबल जाणार, या भीतीने मी उठले नाही. दिवा तिरपा केला, डोळे बारीक केले आणि निळ्या लॉटचे बारा ताके "जुळतात" म्हणून पास केले. बुधवारी स्वच्छ डोळ्यांनी पाहिले तर ते हिरवट आहेत. इतरांच्या ते लक्षात आलेले नाही, कारण माझी सही असली की कोणी पुन्हा पाहत नाही. सोळा वर्षांत माझा एकही ताका परत आला नाही, याचा मला फार अभिमान होता. लॉट अजून गोदामात आहे. तो जाऊ देऊ नये.

७. तरी विनंती, की एक गोळी माझ्या खिशात राहू द्यावी. रिकामे पाकीट दाखवूनच दुसरी घेईन आणि आपण सांगाल त्या मर्यादेबाहेर घेणार नाही. मला टेबलावरून उठवायचे झाल्यास आता खरे कारण आपल्या हाती आहे. तसे झाले तर माझ्या जागी जी बसेल, तिला तरी हे विचारून ठेवावे, की बाई, तुझे डोके दुखते का.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आपली नम्र,
(सही)
रंगतपासनीस, टेबल क्र. २
दि. १९

सोबत :
१. नोंदवहीची नक्कल व अकरा टोकने.
२. मूळ निळा नमुना आणि पास केलेल्या ताक्याचा तुकडा. दोन्ही खिडकीपाशी शेजारी शेजारी धरून पाहावेत.

प्रत : रंगाई खात्याचे सुपरवायझर यांना, आज सकाळी हातोहात दिली.