केसांत फुलं नकोत

तंजावूर

तीर्थरूप आईच्या पायांवर डोकं ठेवते.

इथे आम्ही ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

फोनवर मी तोडून बोलते म्हणून रागावू नकोस. तमिळ मुलखात असूनही या घरात सगळ्यांना मराठी कळतं, आणि सासूबाईंना अन् लेकीला, लक्ष्मीप्रियाला, मी अजून सगळं सांगितलेलं नाही. देवनागरी मात्र मी आणि ती, दोघीच वाचतो. ती ह्यांच्याबरोबर रक्त चढवायला गेली आहे, तेवढ्यात लिहिते.

आई, तिच्या हाडांतली मज्जा रक्त तयार करेनाशी झाली आहे. इंजेक्शनांचा उपयोग झाला नाही. नुसता हात धरला तरी निळे डाग उठतात. जंतुसंसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी केसांत फुलं माळायलाही बंदी केली. सासूबाई सवयीने तिच्यासाठी गजरा घेतात आणि मग देवाला वाहतात.

भावंड नाही, म्हणून माझी मज्जा देणार आहेत. अर्धीच जुळते. "चालेल ना?" विचारलं, तर डॉक्टर फाइलकडे बघत म्हणाले, "प्रयत्न करू." माझी काळजी करू नकोस, मी धडधाकट आहे.

उत्तरात यातलं अक्षरही लिहू नकोस. बाराखडी मीच शिकवली तिला. तुझं पाकीट तीच आधी फोडते. एवढंच लिही, की आजी वेणी घालायला येते.

आणि खरंच ये. मज्जा देण्याआधीची औषधं सुरू झाली की केस राहणार नाहीत.

तुझी,
वैजयंती