एकतीस आवाज

४ ऑक्टोबर, शनिवार

वही नंबर दोन! पहिली वही भांडुपच्या घरात राहिली आणि त्या घरात मी आता पाय ठेवणार नाही, म्हणजे ती गेलीच म्हणायची. तिच्यात आई-बाबा होते, रोगाची साथ होती. या वहीत फक्त चांगलं लिहायचं असं ठरवलंय. बघू किती दिवस जमतं.

तर मी ऋतिका, वय सतरा. मोठा भाऊ मुकुल, वय वीस, अक्कल आठ. पवईच्या कॅम्पात चौदा महिने दीडशे माणसांबरोबर हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये झोपल्यावर आज आम्हाला मुलुंडला खरंखुरं घर मिळालं. रामेश्वर कृपा सोसायटी, तिसरा मजला. दाराला आतून कडी आहे! मी ती पाच वेळा लावून काढून बघितली. मुकुलने विचारलं, वेड लागलं का गं तुला. म्हटलं, हो, लागलं.

इथे आधी एकोणतीस माणसं होती, जवळजवळ सगळी मालवणकडची. आमच्यामुळे एकतीस झाली. शेजारच्या कुंदाकाकूंनी आल्या आल्या पानावर बसवलं आणि भातावर कुळथाची पिठी वाढली. मी लाज सोडून तीनदा मागितली. गेटवर सहदेवदादा असतो, वायरलेसची खोलीही त्याच्याच ताब्यात. रोज तो पवईच्या प्रितमशी बोलून इथली खबर देतो. सगळ्यांचे म्होरके म्हणजे भाऊ परब. सत्तरी उलटलेले, पूर्वी गिरणीत होते, आवाज असा की गिरणीचा भोंगा परवडला.

एकच वाईट, माझी मैत्रीण प्रांजल पवईलाच राहिली. पण पुढची खेप २६ तारखेला आहे आणि तिचं नाव पक्कं आहे. चाळीस माणसं येणार आहेत. तिच्यासाठी खिडकीजवळची जागा मी आत्ताच अडवून ठेवलीय.

५ ऑक्टोबर, रविवार

इथली हजेरी झकास आहे. दिवेलागणीला सगळे गच्चीवर जमतात. भाऊ नारळ पुढ्यात ठेवून गाऱ्हाणं घालतात, अगदी गावच्या देवळात घालतात तसं. बा रामेश्वरा म्हाराजा, ह्या लेकरांका सांभाळ रे म्हाराजा. दर वाक्याला सगळ्यांनी ओरडायचं, व्हय म्हाराजा! शेवटी भाऊ एकेकाचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागतात आणि त्या माणसाने एकट्याने उत्तर द्यायचं. माझ्यासाठी त्यांनी थोडी कमी बडबड मागितली. सगळे खो खो हसले. माझं व्हय म्हाराजा फारच बारीक आलं.

हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नाही. साथीत गपगार चावला की तासाभरात माणसाची वाचा जायची, अंग गार पडायचं आणि मग तो आपल्यालाच चावायला यायचा. गपगार हे नाव मुकुलने पाडलेलं. म्हणून इथे ज्याचं उत्तर येत नाही, त्याला त्याच संध्याकाळी गेटबाहेर काढतात. भाऊंनी स्वतःच्या सख्ख्या भावाला काढलंय. आवाज आहे तोवर माणूस आपला, एवढा एकच नियम. त्यावरच सोसायटी टिकली, असं कुंदाकाकू सांगत होत्या.

शेवटी गूळ-खोबऱ्याचा प्रसाद. मला खोबरं लहानपणापासून जात नाही. खिशात घातलं आणि सकाळी कावळ्याला टाकलं. देवा, माफ कर.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजतंय. मी आणि कुंदाकाकू गच्चीवर पालेभाजी बघतो. म्हणजे काकू बघतात आणि मी ओरडा खाते. पाणी जास्त, पाणी कमी, मेल्या हाताला वळणच नाही. आईपण असंच म्हणायची. मी खाली मान घालून हसत होते, नंतर थोडी रडले. बरं वाटलं.

मुकुल सहदेवदादाबरोबर बंद दुकानांतून सामान आणायला जायला लागलाय. फार शहाणपणा करू नको, असं त्याला बजावलंय. माझं एकच माणूस उरलंय, ते मला धड परत हवं.

१२ ऑक्टोबर, रविवार

मुकुलला चावला.

मेडिकलच्या शटरमागे एक होता. उजव्या मनगटावर दात उमटलेत. भाऊंनी त्याला गेटजवळच्या खुर्चीवर बांधलं, समोर घड्याळ ठेवलं. मी त्याच्यासमोर बसून राहिले. तो तासभर बोलत होता. मला जाडी म्हणाला, माझ्या पिठीवरून चिडवलं, आईचं बांगड्यांचं कपाट आठवलं. एक तास झाला. दोन झाले. बोलतच होता! संध्याकाळी भाऊंनी त्याचं नाव घेतलं आणि त्याचं व्हय म्हाराजा सगळ्यांत मोठं आलं. मी त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. कोण बघतंय याची पर्वा नव्हती.

भाऊंचेही डोळे भरले. म्हणाले, ह्याला देवाने राखलाय, आजपासून प्रसाद ह्याच्याच हातून. कुंदाकाकूंनी पट्टी बांधली आणि मुकुलने त्याच हाताने सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. मी माझं परत खिशात घातलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुकुल कमी बोलतो. जेवतही नाही. एवढ्या उकाड्यात त्याचं अंग माठासारखं गार आहे. सकाळी विचारलं, चहा घेणार का. म्हणाला, व्हय म्हाराजा. कुंदाकाकूंना हसू आवरेना. मग सगळेच त्याला मुद्दाम काहीबाही विचारायला लागले आणि तो दरवेळी तेच म्हणाला. मीही हसले. आधी हसले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दार लावून त्याला विचारलं, आपल्या आईचं नाव काय. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, व्हय म्हाराजा.

भाऊंना सांगायला हवं. सांगितलं तर आज संध्याकाळीच तो गेटबाहेर.

नाही सांगणार. अजून आवाज आहे ना त्याला? नियम तोच आहे ना? मग झालं तर.

१९ ऑक्टोबर, रविवार

त्याच्या वतीने मीच बोलते. त्याला बरं नाही, घसा बसलाय, झोपलाय. हजेरीला तो चुकत नाही. प्रसादही वाटतो.

आज मी पालेभाजीला भरमसाट पाणी घातलं. कुंदाकाकू शेजारीच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. मी म्हटलं, काकू, चुकलं ना माझं? त्या म्हणाल्या, व्हय म्हाराजा. त्यांचा हात धरला तर गार. मी माझ्या खिशातलं खोबरं गच्चीवरून लांब फेकून दिलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. कोणी पणती लावली नाही, मी एकटीने लावली.

गाऱ्हाणं घालता घालता भाऊ मध्येच थांबले. ह्या लेकरांका, म्हणाले, आणि पुढचं आठवेना. ओठ हलत राहिले. मग कोणी काही मागितलेलं नसताना सगळ्यांचं उत्तर आलं. एका सुरात. परत आलं. भाऊही त्यात होते. मी गप्प होते. सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं, मुकुलनेसुद्धा.

मीही म्हटलं, व्हय म्हाराजा. तेव्हा कुठे माना वळल्या.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ही साथ वेगळी आहे. आधी वाचा जात नाही, आधी माणूस जातो. आणि ती वाटली कोणी? मुकुलच्या हाताने. माझ्या गप्प बसण्याने.

वायरलेसच्या खोलीला कुलूप नाही. पवईला सांगितलं तर ते बंदुका घेऊन येतील. आधी मुकुलला —

उद्या भाऊबीज आहे. ओवाळून घेते त्याला. एकच दिवस. मग सांगते. २६ ला अजून वेळ आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

ताटात कुंकू, पणती, सुपारी. त्याला पाटावर बसवलं. बसला. टिळा लावू दिला. मला वाटलं, ओळखतोय. शपथ, वाटलं. गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला आणि तो बोट सोडेना.

जोरात नाही चावला. हळूच. डोळे माझ्यावरच होते.

त्याला बाहेर ढकलून कडी लावली. उजव्या हाताचं बोट आहे, म्हणून अक्षर असं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दाराबाहेर सगळे. दार वाजवत नाहीत. नुसते उभे. मी खोकले की बाहेरून उत्तर येतं.

मी मोठ्याने बोलून बघते. माझं नाव ऋतिका. आईचं नाव शैला. बाबांचं नाव विलास. भांडुप. कुळथाची पिठी. सगळं येतंय. अजून येतंय.

अंग गार लागतंय. आज ऊन नसेल.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवेलागणीला ते सगळे वर गेले. हजेरी चुकवत नाहीत. मी धावत वायरलेसवर. मनात घोकत होते, येऊ नका, येऊ नका, इथे कोणी उरलं नाही.

प्रितमने विचारलं, मुलुंड, सगळे बरे आहात ना.

मी बटण दाबलं. तोंड उघडलं.

व्हय म्हाराजा.

तो हसला. म्हणाला, एकदम मालवणी झालीस की गं. मग उद्या सकाळी चाळीस माणसं पाठवतो, चालेल ना. मी जीभ चावली. रक्त आलं. तरी तेच आलं. दोनदा.

हात अजून माझा आहे. जीभ नाही.

वर येऊन चादरीवर ओवाळणीच्या कुंकवाने लिहिलं, येऊ नका. मोठं. खिडकीच्या ग्रीलला बांधली. गेटवरून दिसेल. दिसेलच.

२६ ऑक्टोबर, रविवार

पहाटे सर आली. कुंकू धुतलं गेलं. चादर नुसती गुलाबी आहे.

गाडी आली. गेटवर सहदेव. ते विचारतायत, तो उत्तर देतोय. गेट उघडलं —

प्रांजल. हे पान फाडून तुझ्याकडे टाकतेय. वर येऊ नकोस. बोलतात म्हणून विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरही नाही. मुकुलला मी लपवलं, चूक माझी, तू परत —

तिने वर बघितलं. हात हलवतेय. चादर बघून हसतेय. तिला वाटलं, तिच्यासाठीच —

हाक मारतेय. ऋतू, वर येऊ का गं. डाव्या हाताने तोंड दाबून धरलंय. उजव्याने लिहितेय. आई शैला. बाबा. बाबांचं

परत विचारतेय. म्हणतेय, नुसतं हो म्हण, लगेच येते. जीभ वळवळतेय. पान फाडायला दोन हात लागतात गं प्रांजल, दोन, आणि तोंडावरचा मी काढला तर —

येऊ नको येऊ नको येऊ व्ह